अलेच हिमनदीच्या काठाकाठाने

रविवार : बासेल ते लाउटरब्रुनेन

स्वित्झर्लंडला येणारी बहुतेक मराठी मंडळी अलेच हिमनदी बघून जातात, पण तिचं नावही त्यांच्या कानावर पडत नाही. युंगफ्राउयोखच्या गच्चीवरून दक्षिणेला जो पांढरा उतार लांबवर गेलेला दिसतो, तिथे तिची सुरुवात. आल्प्समधली ही सर्वांत लांब हिमनदी, साधारण 20 किलोमीटरची. गच्चीवर फोटो होतात, चहा होतो आणि टूरची मंडळी आली तशी इंटरलाकेनला परततात. हिमनदी मात्र डोंगरापलीकडे वालिस प्रांतात उतरते. तिचं दुखणं आणि तिच्यासाठी चाललेली माणसांची धडपड, दोन्ही त्या बाजूला दिसतं.

मी बासेलला नोकरी करते. बाबा सांगलीहून आले होते. पाटबंधारे खात्यातली त्यांची सगळी उमेद कोयनेच्या खोऱ्यात गेली, त्यामुळे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कळल्याशिवाय त्यांना कुठलीच जागा पाहिल्यासारखी वाटत नाही. म्हणून ठरवलं, वरून सुरुवात करायची आणि पाण्याबरोबर खाली उतरायचं.

रविवार गाडीतच गेला. संध्याकाळी लाउटरब्रुनेनला उतरलो तेव्हा ष्टाउबबाख धबधब्याचं पाणी कड्यावरून जवळपास 300 मीटर खाली येत होतं आणि वाटेतच निम्मं वाऱ्यावर उडत होतं. जेवून लवकर झोपलो.

सोमवार : युंगफ्राउयोख

पहिल्या गाडीने क्लाइन शायडेग, तिथून युंगफ्राउची रेल्वे. आडोल्फ गुयर-झेलर या उद्योगपतीला ही कल्पना 1893 साली सुचली. काम 1896 मध्ये सुरू झालं. तो 1899 मध्येच वारला, पण काम थांबलं नाही. 1 ऑगस्ट 1912 रोजी गाडी 3454 मीटरवरच्या खिंडीत पोचली. आयगर आणि म्योन्ख या शिखरांच्या पोटातून जाणारा बोगदा सुमारे 7 किलोमीटरचा आहे. आइसमेअर स्थानकावर गाडी पाच मिनिटं थांबते. खडकात कोरलेल्या खिडकीतून बाहेरचा भेगाळलेला बर्फ दिसला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "सुरुंगाच्या धुरात कामगारांचे काय हाल झाले असतील!"

गुयर-झेलरला खिंडीत थांबायचं नव्हतं. मूळ आराखड्यात गाडी शिखराखाली न्यायची आणि तिथून लिफ्टने माणसं थेट 4158 मीटरवरच्या युंगफ्राउच्या माथ्यावर पोचवायची, असं होतं. ते झालं नाही. त्याच काळात मॅटरहॉर्नच्या शिखरावरही रेल्वे न्यायची योजना पुढे आली होती. त्याविरुद्ध 1907 च्या सुमारास स्विस वारसा संस्थेने मोहीम उभारली आणि देशभरातून जवळपास 70 हजार लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. त्या वेळचा स्वित्झर्लंड हा 35-40 लाख वस्तीचा देश. मॅटरहॉर्नची रेल्वे झाली नाही. आज आपण ही शिखरं जशी पाहतो, त्यात न बांधलेल्या गोष्टींचाही वाटा आहे, आणि त्या न बांधण्यासाठी कुणीतरी दारोदार फिरलं होतं. मला हे फार मोठं वाटतं.

वर अपेक्षेप्रमाणे गर्दी. 2024 मध्ये इथे दहा लाखांहून जास्त लोक आले. हिंदी, गुजराती आणि मराठी तर पावलोपावली ऐकू येतं, भारतीय जेवणही मिळतं. बाबांना चढावर थोडी धाप लागली, म्हणून सगळं सावकाश केलं. स्फिंक्स वेधशाळेच्या गच्चीवर मात्र बराच वेळ थांबलो. इथलं संशोधन केंद्र 1931 पासून चालू आहे. एवढ्या उंचीवरची हवा शहरांच्या धुरापासून दूर असल्यामुळे वातावरणात कोणता वायू किती वाढला याची मोजणी इथे वर्षानुवर्षं होते.

खाली हिमनदी. पडलेलं हिम साठत जातं, स्वतःच्याच वजनाने दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा निळसर बर्फ होतो. मग तो बर्फ उताराने वाहू लागतो. दक्षिणेला कॉन्कॉर्डियाप्लात्झ नावाच्या सपाटीवर असे अनेक प्रवाह एकत्र येतात. तिथे बर्फाची जाडी सुमारे 800 मीटर आहे आणि तो वर्षाला 180 मीटरच्या आसपास पुढे सरकतो. बाबांनी कठड्याला टेकून हिशोब केला. अलेचमध्ये अंदाजे 10 अब्ज टन बर्फ आहे, म्हणजे साधारण साडेतीनशे टीएमसी पाणी. "कोयना तिनदा भरून वर उरेल," ते म्हणाले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मंगळवार : गोपेनस्टाइनमार्गे फीश

वालिसला जायला नव्या पायथ्याच्या बोगद्यातून जलद गाडी आहे. आम्ही 1913 च्या जुन्या डोंगरी मार्गाने गेलो. कांडरश्टेगनंतर लांब बोगदा लागतो आणि गाडी गोपेनस्टाइनला बाहेर येते. ल्योच्चेनताल दरीची बस इथून सुटते.

28 मे 2025 रोजी या दरीतलं ब्लाटेन गाव गाडलं गेलं. वरच्या क्लाइनेस नेस्टहॉर्न शिखराचे कडे कोसळून बिर्च हिमनदीवर पडत होते. त्या भाराखाली अखेर अख्खी हिमनदीच खाली आली. बर्फ आणि दगडांच्या ढिगाऱ्याखाली गावाचा 90 टक्के भाग गेला. अलेच हिमनदी ज्या जागतिक वारसास्थळात येते, शेजारचं बीचहॉर्न शिखर त्याच्याच हद्दीतलं. म्हणजे ज्या भूभागाला आपण जपलेला, राखलेला म्हणतो, त्याच्याच कुशीत हे घडलं.

गावात सुमारे 300 माणसं राहत होती. डोंगर हलतोय हे मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि नऊ दिवस आधीच गाव रिकामं केलं. गुरंसुद्धा हलवली. दरीत असलेला एक माणूस दगावला, बाकी सगळे वाचले. बाबांनी 2019 आणि 2021 चे सांगलीचे पूर पाहिलेत. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याची किंमत त्यांना सांगायला नको. डब्यातले दोघे-तिघे इथे उतरून बसकडे गेले, आम्ही उतरलो नाही. ज्यांची घरं गेली त्यांच्या दरीत ढिगारा बघायला जाणं मनाला पटेना.

ब्रिगला गाडी बदलून दुपारी फीशला पोचलो. घरगुती पाहुणघर. मालकीणबाई सत्तरीच्या, जर्मन इतक्या ठसक्यात बोलायच्या की निम्मं मला पुन्हा विचारावं लागायचं. रात्री सूप वाढताना त्यांनी गावच्या नवसाची गोष्ट सांगितली.

सतराव्या शतकात थंडी वाढली होती आणि हिमनद्या पुढे येत होत्या. कुरणं बर्फाखाली जायची, आणि बर्फामागे तुंबलेलं मेर्येलेन तळं फुटलं की खालच्या गावांत हाहाकार व्हायचा. 1678 साली फीश आणि फीशरतालच्या लोकांनी नवस बोलला की आम्ही सदाचाराने राहू, देवा, ही हिमनदी मागे हटव. 1862 पासून दरवर्षी 31 जुलैला, संत इग्नेशियसच्या दिवशी, पहाटे गावातून मिरवणूक निघून जंगलातल्या चॅपेलला जाऊ लागली. प्रार्थना फळली म्हणावी, तर इतकी फळली की गावाला धडकी भरली. अखेर लोकांनी पोपकडे परवानगी मागितली आणि 2010 मध्ये ती मिळाली. तेव्हापासून त्याच दिवशी, त्याच वाटेने मिरवणूक जाते आणि हिमनदी वाढू दे म्हणून प्रार्थना होते.

"नवस फिरवता येतो होय?" बाबांनी विचारलं. मी भाषांतर करून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माझी आजी बर्फ जावा म्हणून चालायची, मी राहावा म्हणून चालते, आणि आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी चाललो, या गावासाठी.

बुधवार : एग्गिसहॉर्न आणि मेर्येलेन

सकाळी केबलकारने एग्गिसहॉर्न. इथून हिमनदी पहिल्यांदा सबंध दिसते. डावीकडे वळत जाणारा तिचा खालचा भाग, उजवीकडे दूरवर कॉन्कॉर्डियाप्लात्झ, आणि परवा आम्ही उभे होतो ती खिंड तिच्या पार टोकाला. बर्फाच्या मधोमध दोन काळे पट्टे शेवटपर्यंत गेलेत. दोन प्रवाह मिळतात तेव्हा दोघांच्या काठचे दगड मध्ये अडकतात आणि तसेच वाहत येतात.

पण नजर खिळते ती कडांवर. बर्फाच्या पातळीपासून बरंच वर दोन्ही उतारांवर एक सरळ रेघ आहे. रेघेच्या वर हिरवं, खाली उघडा फिकट खडक. धरणातलं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठावर जशी खूण राहते, तशीच ती दिसते. 1860 च्या आसपास बर्फ त्या रेघेपर्यंत होता. तेव्हापासून हिमनदीची लांबी तीन किलोमीटरहून जास्त घटली आहे. कॉन्कॉर्डियाची गिर्यारोहकांची झोपडी 1877 साली बांधली तेव्हा ती बर्फापासून 50 मीटरवर होती. आता बर्फावरून तिथे चढायला खडकाला लोखंडी जिना ठोकलाय, चारशेहून जास्त पायऱ्यांचा, आणि बर्फ खाली जाईल तशी त्याला खालून भर घालावी लागते.

स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी 2022 या एका वर्षात 6 टक्के बर्फ गमावला, 2023 मध्ये आणखी 4 टक्के, 2025 मध्ये 3. दहा वर्षांत जवळपास चौथा हिस्सा गेला. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये अलेचचं गणित मांडलं. तापमानवाढ 2 अंशांच्या आत रोखली तरी शतकाअखेर निम्म्याहून अधिक बर्फ जाणार. उत्सर्जन वाढतच राहिलं तर इथे बर्फाचे थोडे तुकडे उरतील.

फीशराल्पला उतरून बोगद्यातून मेर्येलेनला गेलो. वाट जवळजवळ सपाट, बाबांना झेपली. मेर्येलेन म्हणजे डोंगराच्या खाचेतली लहान लहान तळी, गवत, आणि काळ्या तोंडाच्या, गुडघ्यांवर काळे ठिपके असलेल्या वालिसच्या मेंढ्या. एक मेंढी बाबांच्या पिशवीतल्या चिवड्याच्या मागेच लागली.

याच तळ्याने पूर्वी खालच्या लोकांची झोप उडवली होती. हिमनदीचा काठ हाच त्याचा बांध. बर्फात भेग पडली की तळं काही तासांत रिकामं व्हायचं आणि लोंढा खाली नाटर्स गावापर्यंत जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खडकातून बोगदा काढून तळ्याची पातळी कायमची खाली ठेवायची सोय केली. "म्हणजे सांडवाच केला," बाबा म्हणाले आणि बोगद्याचं तोंड कुठे असेल म्हणून कठडे शोधत हिंडले. गंमत अशी की बोगदा झाला आणि पुढे बर्फच इतका खाली गेला की तळं तुंबणं जवळपास संपलं. आता धोका दुसराच आहे. पलीकडच्या मोसफ्लूचा उतार हजारो वर्षं बर्फाच्या आधाराने उभा होता. तो आधार गेला आणि 2016 च्या शरद ऋतूत डोंगराचा मोठा भाग सरकू लागला. जमिनीला भेगा पडल्या, पायवाटा बंद कराव्या लागल्या. तिथलं केबलकारचं वरचं स्थानक जमीन सरकणार हे धरूनच बांधलंय. ते पुन्हा जागेवर घेता येतं.

गुरुवार : अलेचचं जंगल

सगळ्या प्रवासातला हा दिवस मला सर्वांत आवडला.

रीडराल्पला मोटारी नाहीत. मोरेलहून केबलकारने वर जायचं आणि तासाभरात रीडरफुर्काची खिंड. खिंडीवर एक मोठी, नक्षीदार, जुन्या इंग्रजी वळणाची हवेली आहे. अर्नेस्ट कासेल या लंडनच्या बँकरने ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधली. तरुण विन्स्टन चर्चिल इथे पाहुणा म्हणून यायचा. गुरांच्या घंटांनी त्याच्या लिखाणात व्यत्यय येतो म्हणून यजमानाने घंटांत गवत कोंबायला लावलं, असं इथे सांगतात. 1976 पासून या वास्तूत प्रो नाटुरा या संस्थेचं निसर्ग केंद्र आहे, देशातलं अशा प्रकारचं पहिलं.

खिंडीपलीकडे जंगल सुरू होतं. आरोला पाइन आणि लार्च. आरोलाची काही झाडं सहा-सात शतकांपूर्वीची, काही त्याहून जुनी. खोड पिळवटलेलं, अर्धी फांदी विजेने जळालेली, आणि तरी एका अंगाला हिरवी. एका झाडाखाली बाबा थांबले, सालीवर हात ठेवला. पाच सुयांचा झुपका बोटांनी मोजला. खाली एक शंकू पडला होता, बिया नीट सोलून काढलेला. हे काम नटक्रॅकर पक्ष्याचं. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, आवाज कर्कश. शरदात तो आरोलाच्या बिया जमिनीत जागोजागी पुरून ठेवतो आणि हिवाळ्यात बर्फ उकरून खातो. ज्या खायच्या राहतात त्यांतून नवी झाडं येतात. आरोलाचं बी जड, वाऱ्याने उडत नाही. या पक्ष्याशिवाय हे जंगल वाढलंच नसतं.

शंभर वर्षांपूर्वी मात्र हे संपत आलं होतं. खालच्या गावांची चूल, गोठा, छप्पर सगळं या लाकडावर, आणि गाई-शेळ्या रोपं खाऊन टाकायच्या. म्हातारी झाडं उभी होती, तरणी नव्हती. निसर्गसंस्थेने गावांशी वर्षानुवर्षं बोलणी केली, आणि 1933 साली जंगल राखीव झालं. चराई बंद, कुऱ्हाड बंद, पडलेलं झाडही पडल्या जागीच कुजू द्यायचं. गावांना हे सोपं गेलं नसणार. आज वाट सोडून आत पाऊल टाकता येत नाही, कुत्र्यालाही दोरी लागते, आणि लोक खरोखर पाळतात.

उतरत गेलो तशी ती फिकट रेघ आली. इथे ती पायाखाली असते. एका पावलाआधी जाड, मऊ जमीन, शतकांचा पालापाचोळा आणि ब्लूबेरी. पुढच्या पावलाला कच्ची खडी. रेघेखाली लार्च आणि बर्च आहेत, खांद्याएवढी, काही डोक्याहून उंच, सगळी बर्फ हटल्यावर आलेली. हिमनदीचा पृष्ठभाग इथून दोनशे मीटरहून जास्त खाली गेलाय.

त्या रेघेवर बसून डबा खाल्ला, मेथीचे ठेपले आणि लोणचं. मनात एकच गोष्ट घोळत होती. जंगल वाचलं, कारण त्याचं संकट समोर होतं. कुऱ्हाड कुणाची, शेळी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकत्र बसले, हद्द आखली, नियम केला, आणि नव्वद वर्षांत रोपं आली. हिमनदीलाही हद्द आखली आहे. 2001 मध्ये ती जागतिक वारसा झाली, आल्प्समधलं पहिलं नैसर्गिक वारसास्थळ. 2007 मध्ये हद्द वाढून 824 चौरस किलोमीटर झाली. भोवतालच्या गावांनी 2005 मध्ये कॉन्कॉर्डियाप्लात्झच्या नावाने सनद करून हा प्रदेश जपण्याची जबाबदारी घेतली. नवे रस्ते, नव्या लिफ्ट आत येत नाहीत. तरी बर्फ जातोय, कारण तो वितळवणारी उष्णता या हद्दीबाहेर, सगळ्या जगात तयार होते. त्यातली थोडी बासेलची आहे, थोडी सांगलीची.

म्हणून इथली राखण आता मतपेटीपर्यंत पोचली आहे. हिमनद्यांच्या नावाने नागरिकांनी मोहीम काढली, सह्या जमवल्या, त्यातून 2050 पर्यंत उत्सर्जन शून्यावर आणण्याचा कायदा आला आणि 18 जून 2023 च्या सार्वमतात 59 टक्के लोकांनी तो मान्य केला. छोट्या देशाच्या एका कायद्याने अलेच वाचणार नाही हे त्या मतदारांना माहीत होतं. तरी त्यांनी मत दिलं, याचं मला मोल वाटतं.

शुक्रवार : नाटर्स आणि गेबिडेम

नाटर्सला 2016 पासून या वारसास्थळाचं प्रदर्शन-केंद्र आहे. तिथे अलेचचे जुने आणि नवे फोटो एकाच जागेवरून घेतलेले बघता येतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी चुकवू नये. तिथून बसने वरच्या ब्लाटेनला. हे ब्लाटेन वेगळं, नाटर्सजवळचं, सुखरूप. मग चालत गेबिडेम धरण.

इथे बाबा खुलले. हिमनदीतून निघणारी मासा नदी 1967 मध्ये पुऱ्या झालेल्या या 122 मीटर उंच कमानी धरणात अडते, आणि वीज करून रोन नदीला मिळते. पाण्याचा रंग ढवळा, सिमेंट कालवल्यासारखा. बर्फ खडक घासत येतो, त्याची ही पूड. "एवढा गाळ, आणि पन्नास-साठ वर्षं धरण भरलं नाही?" बाबांचा पहिला प्रश्न. उत्तर माहितीफलकावर होतं. दरवर्षी काही दिवस जलाशय पूर्ण रिकामा करतात आणि तळाच्या दरवाजातून गाळ धुऊन काढतात. बाबांनी तो फलक दोनदा वाचायला लावला आणि फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला.

आज मासेला पाणी भरपूर आहे, कारण साठलेलं भांडवल वितळतंय. मोठ्या हिमनदीत हे आणखी काही दशकं चालेल, मग प्रवाह आटत जाईल. पावसाळी प्रदेशाला ऑगस्टमधलं पाणी आभाळ देतं. वालिस कोरडा आहे, इथे ते बर्फ देतो.

त्यावर एक उपाय पुढे आलाय, आणि तो शेजारीच आहे. सरकार, वीज कंपन्या आणि काही पर्यावरण संस्था एकत्र बसल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी जलविद्युतीचे 15 प्रकल्प निवडले. त्यात ओबरअलेच या बाजूच्या हिमनदीचं नाव आहे. बर्फ मागे गेल्यावर मोकळी झालेली जागा पाणी साठवायला वापरायची.

परतीच्या बसची वाट बघताना आमचा यावर वाद झाला.

"कोळशावाचून वीज मिळते आणि उन्हाळ्याचं पाणी हिवाळ्याला राहतं," बाबा म्हणाले. "हिमनदी वाचवायची तर हेच करावं लागेल. उगाच भावनेच्या भरात बोलू नकोस."

"पण बाबा, जपायची म्हणून राखलेल्या डोंगरात पुन्हा यंत्रं न्यायची? मग मॅटरहॉर्नची रेल्वे नको म्हणणारे वेडे होते का? तुम्हीच सांगता ना, कोयनेला गावं उठली ती अजून सावरली नाहीत म्हणून."

"इथे गाव उठत नाही."

"झाडं येतात बर्फामागे. काल पाहिलीत ना तुम्ही, रेघेखाली."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आधी किती वीज मिळणार आणि किती जमीन जाणार ते आकडे आण. त्यावाचून मी हो म्हणणार नाही, आणि तूही नाही म्हणू नकोस." बस आली. आकडे मी अजून गोळा करते आहे. मिळाले की दोघांची मतं, जुळली नाहीत तरी, इथेच लिहीन.